तिखट हात

नंदुरबारच्या निम्म्या मिरचीचे देठ आमच्याच वस्तीत खुडले जात असावेत. मिरची वाळवायच्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. तिथून मी माझ्या रिक्षात पोतं घालून आणतो आणि माझी बायको सीमा दारात बसून देठ काढते. हाताची अशी आग होते की ती साबणानेही जात नाही. अशात झोळीतलं पोर रडायला लागलं की बाई बसल्या जागेवरून हाक मारते, "मन्हा हात तिखट शेतस व," म्हणजे माझे हात तिखट आहेत, पोराला तू घे. जिचे हात मिरचीत नसतील ती येते आणि पोर उचलते. त्यात विचारपूस नाही, उपकार नाही. आमची काजल अशाच शेजारणींच्या कडेवर आठ महिन्यांची झाली.

तरी मला ती वस्ती नको होती. झोळीखालून गटार वाहायचं, पोरीचा खोकला हटत नव्हता. घरकुलाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर लागलं तेव्हा मी पेढे वाटले. सीमा रडली. लोक घर गेल्यावर रडतात, ही मिळाल्यावर रडते, म्हणून मी तिची थट्टाही केली.

नव्या घरात खोकला गेला. मी कॉलर ताठ करून हिंडू लागलो. पोती मात्र आता जिन्याने वर चढवत होतो, कारण घर बदललं तरी काम तेच होतं.

परवा दुपारी काजलने उठून भोकाड पसरलं. सीमाने सवयीने दारातून हाक मारली. कोणी येईना. मग तिने कोपराने समोरचं दार वाजवलं. तिथल्या सरलाबाई शिवणकाम करतात, मिरचीत कधी बसलेल्या नाहीत. दारात घामाघूम बाई, दोन्ही पंजे वर धरलेले, आणि म्हणते काय, तर "मन्हा हात तिखट शेतस." सरलाबाईंना वाटलं, ही आता कानाखाली वाजवणार. त्यांनी आतून कडी घातली.

पोर रडून रडून श्वास धरायला लागली. शेवटी सीमाने तिला त्याच हातांनी उचललं.

मी पोचलो तेव्हा काजलचे डोळे सुजून मिटले होते. दवाखान्यात डोळे धुऊन दिले, नजर शाबूत आहे म्हणाले. परत आल्यावर मी रागारागाने सरलाबाईंचं दार ठोठावलं.

"तुमनी बायको माले माराले उनी व्हती," त्या फटीतून म्हणाल्या.

मी अर्थ सांगितला, तसं त्यांनी दार सताड उघडलं. "मंग पोरले उचला, अस्सं सांगनं व्हतं ना."

त्यांचंही खोटं नव्हतं. पण ते सांगावं लागतं, हेच सीमाला ठाऊक नव्हतं.

सीमा गाठोडं बांधत होती. "मिरची सरेपावत तठेच ऱ्हासू," ती म्हणाली. वस्तीतली आमची जुनी खोली अजून रिकामीच होती. मिरची दर वर्षी येते, हे तिलाही कळतं. मला खोकल्याची आठवण करून द्यायची होती, पण पोरीच्या डोळ्यांकडे बघून मी गाठोडं उचलून रिक्षात ठेवलं.

वस्तीत रिक्षा थांबताच शेजारच्या म्हाताऱ्या दगूबाईने काजलला सीमाच्या मांडीवरून ओढूनच घेतलं. पोर तिच्या खांद्यावर लगेच झोपली. गटाराचा तो जुना वास आला आणि मला इतकं बरं वाटलं की माझाच मला राग आला.

"उतर रे हेमराज, च्या पीसनी जा," दगूबाई म्हणाली.

मी हँडल धरून बसून राहिलो. एकदा उतरलो असतो, तर त्या नव्या घराचं कुलूप उघडायला आमच्यातलं कोणीच परत गेलं नसतं.