आसिनातेची खवणी

मित्रांनो, मी एक जुनी खवणी आहे. फिजीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात आसिनातेच्या आजोबांनी मला घडवलं. बसायला लाकडी पाट, पुढे दातेरी लोखंडी पातं. रविवारी आमच्या घरच्या नारळाच्या दुधाची सगळे तारीफ करायचे. माझं नाव कुणी घेत नसे, पण मला कळायचं!

आसिनाते मोठी झाली तशी खवायचं काम तिच्याकडे आलं. ती गात गात खवायची आणि निम्मं खोबरं तोंडात टाकायची. किती गोड दिवस होते ते!

एका सकाळी खवता खवता तिला फिट आली. हात आखडले, डोळे फिरले, ती चटईवर कोसळली. शेजारीण चमचा घेऊन धावली. तेवढ्यात दवाखान्यातल्या सेलाईबाई आल्या.

"तोंडात काही घालू नका! दाबून धरू नका! ती खवणी आधी बाजूला करा आणि पोरीला कुशीवर वळवा."

हा मेंदूचा आजार आहे, कुणाचा शाप नाही, हे त्यांनी घरच्यांना समजावलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फिट थांबल्या. पुढे सेलाईबाईंच्या परवानगीने आसिनाते पुन्हा माझ्यावर बसू लागली. तिची आई तारईविनी शेजारीच अळूचे कंद सोलत बसे.

मग ऑकलंडहून लुसिआना आत्या आली. तिने माशाच्या तेलाच्या आणि जीवनसत्त्वांच्या बाटल्या चटईवर मांडून रीतसर भेट दिल्या. तारईविनीने रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवून त्या स्वीकारल्या. आमच्याकडे अशी भेट घेतली की तिचा मान राखावा लागतो. नणंदेच्या बाटल्या घरात असताना जुन्या गोळ्या दिल्या, तर तिला काय वाटेल? म्हणून तारईविनीने गोळ्याच बंद केल्या. मला दात आहेत, पण जीभ नाही. नाहीतर मी तेव्हाच ओरडले असते.

थोड्याच दिवसांत पोरीला फिटांवर फिट आल्या. बोटीने मोठ्या दवाखान्यात नेलं, म्हणून ती वाचली.

"अगं वहिनी, गोळ्या बंद कर असं मी कधी म्हटलं?" आत्या रडत म्हणाली.

"तुमचा मान राखायला गेले, ताई."

"चुलीत घाल माझा मान! पोर गेली असती म्हणजे?"

सेलाईबाईंनी दोघींना समोर बसवलं. "अंगात एखादं जीवनसत्त्व कमी असेल, तर डॉक्टर तपासून देतात. पण ते गोळ्यांच्या जागी नाही. नवं काही द्यायचं तर आधी विचारा, आणि गोळी आपल्या मनाने थांबवू नका."

गोळ्या सुरू झाल्या, पण भीती गेली नाही. आईने मला अडगळीत टाकलं. आसिनातेला समुद्र बंद, चूल बंद, चर्चमधलं गाणंही बंद. फिट येईनाशा झाल्या, सेलाईबाईंनी हळूहळू कामाला लावायला सांगितलं, तरी आई ऐकेना. मला गंज चढत गेला.

शेवटी एकदा आसिनाते म्हणाली, "आई, तू मला जपतेयस की टाकून दिलंयस?"

तारईविनी उठून अडगळीत गेली. तिने मला बाहेर ओढलं, वाळूने घासलं, चटईवर ठेवलं आणि शेजारी बसली. आसिनातेने नारळ हातात घेतला. खोबरं पडू लागलं, तशी तारईविनी रडू लागली आणि मलाही भरून आलं.

मित्रांनो, माझा गंज निघतो हो. पण तुमच्या घरात आसिनातेसारखी कुणी असेल, तर तिला कोपऱ्यात बसवू नका. तिची गोळी चुकू देऊ नका आणि तिच्या शेजारी बसा.