मिरवणुकीत अडकलेली तीनचाकी

मी एक जुनी तीनचाकी आहे. मित्रांनो, तुमच्याकडची रिक्षा डोळ्यांपुढे आणू नका. मी म्हणजे एक मोटरसायकल आणि तिच्या उजव्या कुशीला जोडलेला पत्र्याचा डबा. बसणारे डब्यात पाय दुमडून बसतात आणि चालवणारा बाहेर ऊन-पाऊस खातो.

माझा डबा आमच्या बेटावरच्या सान रोके गावातल्याच एका वेल्डरने घडवला. नवी होते तेव्हा माझ्या चकचकीत पत्र्यात बघून बायका केस सारखे करायच्या. माझ्या मालकाने, सान्तोने, माझ्या कपाळावर नुकत्याच जन्मलेल्या भाचीचं नाव रंगवून घेतलं : जेलिन. तिला बाप्तिस्म्याला मीच नेलं. शाळेतही रोज मीच नेते.

आता माझी रया गेली आहे. सीटमधला स्पंज बाहेर आलाय. हॉर्न कधीचा मुका झालाय. पावसासाठी लावलेला प्लास्टिकचा पडदा इतका पिवळा पडलाय की बाहेरच्याला आत कोण बसलंय ते दिसत नाही. आतल्याला मात्र एका चिरेतून बाहेरचं दिसतं. पण माझी रडगाणी पुरेत. त्या दिवशी रडायचा हक्क माझा नव्हता.

जेलिनची आई रोवेना ही सान्तोची धाकटी बहीण. ती कुवेतला दुसऱ्यांची मुलं सांभाळते. मागच्या खेपेला ती परत निघाली तेव्हा धक्क्यावर जेलिनने तिच्या पायाला अशी मिठी मारली की सोडवता सोडवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. म्हणून या वेळी घरच्यांनी ठरवलं, पोरीला सांगायचं की नानाय, म्हणजे आई, पहाटेच्या बोटीने विमानतळाकडे गेली. आमच्याकडे परदेशी जाणाऱ्या आया अशाच जातात. मूल झोपलेलं असताना, नाहीतर त्याला कुठेतरी धाडून. खरी बोट दुपारची होती. तोवर रोवेना भावाच्या घरात बॅग घेऊन लपून बसली होती.

तो गावच्या जत्रेचा दिवस होता. शाळेच्या बँडपुढे काठी फिरवायचा मान यंदा जेलिनला मिळाला होता. मिरवणूक समुद्राकाठच्या रस्त्याने जाणार म्हणून सान्तोने रोवेनाला डब्यात बसवून मला बाजाराच्या रस्त्याने काढलं. पण भरतीचं पाणी तिकडच्या रस्त्यावर चढलं आणि अख्खी मिरवणूक बाजारात वळवली. बेकरीच्या कोपऱ्यापाशी पोलिसाने शिट्टी फुंकली.

"सान्तो, घे तुझी म्हातारी कडेला! का तीही नाचणार आहे?"

"बॉस, सवारी आहे आत. बोट चुकेल तिची."

"कसली बोट? खलाशी सगळे भाजलेल्या डुकराभोवती बसलेत. थांब गप!"

थांबलो. भुरभुर पाऊस होता, पडदा खाली सोडलेला होता. रस्त्यावर आडव्या बांधलेल्या रंगीत पताका भिजून लोंबत होत्या. आधी ज्या संताचं नाव गावाला आहे त्या सान रोकेची, कुत्र्यासह, मूर्ती गेली, मग शाळेचे ढोल ऐकू आले. रोवेनाने चिरेला डोळा लावला.

"कुया, तीच आहे," ती भावाला कुजबुजली. कुया म्हणजे दादा. "बूट कुणाचे घातलेत तिने? केवढे मोठे आहेत."

"हाक मार ना तिला."

"नको. मागच्या वेळी तिला सोडवलंत. या वेळी मीच सुटायची नाही, मग?"

नेमकी पुढच्या सजवलेल्या ट्रकची कमान पताकांत अडकली आणि बँड जागीच उभा राहिला. जेलिन माझ्यापासून हातभर अंतरावर होती. माझ्या कपाळावरचं आपलं नाव बघून ती खुदकन हसली.

"तियो! बघ, काठी एकदाही पडली नाही!"

"बघतोय गं मामाचे राणी!"

"नानायला फोनवर सांग. नाहीतर आजी सांगेल दोनदा पडली. तिला कुठे दिसतंय!"

"सांगतो की."

"आत्ता नको, तियो. आत्ता ती विमानात असेल."

रोवेनाने टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला. तिच्या हुंदक्यांनी माझी सीट हलत होती. मित्रांनो, मला वाटलं, वाऱ्याने हा मेला पडदा उडावा. हॉर्नला कंठ फुटावा. काही म्हणजे काही झालं नाही. माणसं हतबल झाली की हात चोळत बसतात. मला हातच नाहीत.

कमान सुटली. ढोल वाजले, काठी पुन्हा गरगर फिरू लागली. तेव्हा कुठे रोवेना पडद्याच्या भिजलेल्या गाठीशी झटू लागली. गाठ सोडून तिने एक पाय रस्त्यावर ठेवला, तोवर जेलिन बेकरीच्या वळणाआड गेली होती. मागून नाचणाऱ्या बायकांची रांग खांद्याला खांदा लावून आली आणि रस्ता भरून गेला. रोवेना तशीच भिजत उभी राहिली. मग पाय आत घेऊन म्हणाली, "चल, कुया."

धक्क्यावर बोट होती, खलाशी नव्हते. रोवेना बॅगेवर बसून राहिली. दहा वेळा मिठी मारून होईल एवढा वेळ गेला.

"आणू का तिला?" सान्तोने विचारलं.

"आत्ता जेवायला बसली असेल. ताटावरून उठवू नकोस."

संध्याकाळी जेलिन काठी मांडीवर घेऊन माझ्या त्याच सीटवर बसली.

"नानायला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"खूप रडली," सान्तो म्हणाला. ते तेवढं तरी खरं होतं.

"बरं झालं पहाटेच गेली. समोर रडली असती ना, तर काठी नक्की पडली असती माझी."

मान फिरवून सान्तो उगाच माझा आरसा पुसू लागला.

मित्रांनो, माझ्या चाकांत तेल घाला, माझा गंज खरवडा, असं मी सांगणार होते. ते राहू द्या, मी आणखी काही वर्षं खडखडत काढीन. पण तुमच्या घरून कुणी लांब जायला निघालं, तर त्याला चोरासारखं जाऊ देऊ नका. मूल रडेल. रडू दे की. जेलिन अजून रोज त्याच सीटवर बसून शाळेला जाते आणि तिची आई तिथेच, तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती हे तिला सांगायला मला तोंड नाही. तुम्हाला आहे. वेळेवर उघडा.