सुईत दोरा ओवणारी पेशी

मी एक जुनी चेतापेशी आहे. जुनी म्हणजे चिमणी नावाच्या मुलीएवढीच, आठ वर्षांची. पण आमची जागा घ्यायला सहसा नवी पेशी येत नाही, म्हणून स्वतःला जुनी म्हणवते. चिमणीच्या मेंदूत, बोटं हलवणाऱ्या भागात माझं घर. तिची आई शिवणकाम करते. आईला जवळचं नीट दिसेनासं झालं, तेव्हापासून सुईत दोरा ओवायचं काम चिमणीकडे आलं, म्हणजे माझ्याकडे.

मित्रांनो, खरं तर ते आम्हा पुष्कळ पेशींचं काम. पण शाबासकी वाटून घ्यायला कुणाला आवडतं? माझी शेजारीण वेगळ्या जातीची. तिच्या फांद्या गर्द, त्यांवर शेकडो पेशींचे निरोप यायचे. मला मोजकेच. दोरा एका दमात गेला आणि आई म्हणाली, "हात आहे की जादू!" की शेजारीण अशी मिरवायची, जणू मी तिथे नव्हतेच. माझ्या पोटात दुखायचं.

मग माझ्या अंगावर मूठभर मांस चढू लागलं. पेशीच्या आतला कचरा साफ करणारं एक द्रव्य चिमणीच्या शरीरात तयारच होत नव्हतं. कचरा साठत गेला आणि मी फुगले. माझा निरोप बाहेर नेणारा लांब तंतू जिथून निघतो, तिथे फुगवटा आला. त्यावर नव्या बारीक फांद्या फुटल्या, त्यांना नव्या जोडण्याही मिळाल्या! मी शेजारणीला म्हटलं, "आता बोल!"

जोडण्या झाल्या होत्या, पण नको त्या जागी. भलतेच निरोप दारात येऊन थडकायचे आणि बोटांना धाडायचा निरोप त्या गलक्यात बिघडायचा. दोरा सुईच्या बाजूने जाऊ लागला. "लक्ष कुठंय तुझं?" आई ओरडायची. मग चिमणीच्या हातून पेला सुटला. जिना उतरताना तिचा तोल गेला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"तिचं लक्ष जागेवर आहे हो," त्या आईला म्हणाल्या. "पेशींत कचरा साठतोय. पेशी जिवंत असतात, पण त्यांचा आकार बदलतो, भलत्याच जोडण्या होतात. मुळापासून बरं करणारं औषध आज माझ्याकडे नाही. व्यायाम सुरू करू. जपता येईल तेवढं जपू."

"आणि मी तिला ओरडत बसले," आई म्हणाली.

घरी आल्यावर आईने सुई ताईकडे दिली. ताई म्हणजे चिमणीची मोठी बहीण. आईबाप तेच, घर तेच, पण ते द्रव्य तिच्या शरीरात तयार होतं. दोरा पहिल्याच फटक्यात पार! चिमणीने तोंड फिरवलं. ताईच्या डोक्यात माझ्या जागी बसलेल्या त्या सडपातळ पेशीचा मला असा राग आला म्हणून सांगू! माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या सुईला ताईने दोरा बाजूने नेला. पुन्हा नेला.

"छे, मला एकटीला नाही जमत. चिमणे, तू सुई धर ना."

"घट्ट धरू?"

"घट्ट."

चिमणीचा हात थरथरत होता. ताईने त्याला खालून आपला हात लावला. दोरा गेला.

"जमलं आपल्याला!" चिमणी ओरडली.

मित्रांनो, कुणाच्या हातून वस्तू पडू लागल्या, तोल जाऊ लागला, तर त्याला वेंधळा म्हणून मोकळे होऊ नका. वेळेत डॉक्टरांकडे न्या. माझा हेवा काही गेलेला नाही. शेजारणीच्या फांद्या आता तिलाच लखलाभ. ताईच्या डोक्यातल्या त्या पेशीचा हेवा मात्र अजून वाटतो. दोरा मीही चुकवते, पण तिला तो चिमणीसाठी चुकवावासा वाटला.