बोटांचे वळ

बाळांना न्हाऊ घालणाऱ्या ठकुबाईने न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले, पोरीला पायांवर पालथी घातली आणि तेलाचा हात पाठीवरून फिरवताना ती थबकली. दोन्हीकडच्या बरगड्यांवर चार-चार निळसर डाग होते. बोटांचे. उताणी केली तर मान ओल्या फडक्यासारखी लोंबली. चार महिन्यांची पोर, कालपर्यंत तांब्या पाहिला की घर डोक्यावर घेणारी. आज तिची नजर एका जागी ठरत नव्हती.

दारातून आजी, सरस्वतीबाई, कौतुकाने म्हणाल्या, "काल संध्याकाळी काय रडली, काय रडली! त्रिविक्रमनं आत नेली आणि दोन मिनिटांत गप्प. बापाच्या हातात जादू आहे."

कानडी मुलखातल्या चामराजपेटेतल्या मराठी घरांतली तीस वर्षांची बाळं ठकुबाईच्या पायांवरून गेली होती. असला गप्पपणा तिने एकदाच पाहिला होता. तेव्हा तीही इतर बायांसारखी अंघोळ झाली की बाळाला उलटं धरून गदागदा हलवायची आणि सगळ्या हसायच्या. एक दिवस एक मुलगा असाच लुळा पडला. जगला, पण आईला त्याने कधी ओळखलं नाही. घरच्यांनी नशिबाला बोल लावला, ठकुबाईने तोंड उघडलं नाही. वर बारशाचं लुगडंही घेतलं. त्या लुगड्याची तिला अजून किळस येई.

"अक्का, हिला कुणीतरी जोरानं हलवलंय. डोक्यात आतून लागलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"काहीतरीच! दृष्ट लागली असेल. थांब स्वल्प, मीठमोहऱ्या ओवाळते."

"माझ्याच हातून एक पोर असं वाया गेलंय," ठकुबाई म्हणाली, आणि वीस वर्षं गिळलेलं सगळं तिने सांगून टाकलं.

सरस्वतीबाई भडकल्या. "म्हणजे हेही तूच केलंस! आणि आळ माझ्या घरावर?"

त्रिविक्रम ऑफिसला निघाला होता. कोटाची बटणं लावत तो हसला. स्वच्छ हात, कापलेली नखं, चंदनी साबणाचा वास. ठकुबाईला त्या हातांकडे बघवेना.

"आई, हाकल तिला. रडणारं पोर जरा हलवलं तर काय होतं? दिवसभर खपून आल्यावर माणसाला घरात शांतता नको?"

बोलून गेल्यावर त्याचा हात बटणावरच राहिला.

"जरा नव्हे," उंबऱ्याशी उभी असलेली त्याची बायको, अहल्या म्हणाली. "मान पुढेमागे आपटत होती तिची. मी बघितलं. बघून गप्प बसले."

तिने पायांत चपला घातल्या आणि स्वतःच रस्त्यावर जाऊन घोड्याचा जटका थांबवला. ठकुबाई पोरीची मान तळव्यावर तोलून आत बसली.

"ऐक पोरी," ती शेजारी चढून बसलेल्या अहल्याला म्हणाली. "रडं थांबेना, डोकं फिरलं, तर बाळाला चटईवर ठेवायचं आणि आपण परसात जाऊन उभं राहायचं. नाहीतर शेजारणीला हाक मारायची. रडून कुणी मरत नाही. हलवू मात्र नये. कुणाच्याच हातानं."

त्रिविक्रम धावत आला. "द्या इकडे, मी धरतो. माझ्याकडे शांत राहते ती."

ठकुबाईने त्याच्या हातांकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि जटकेवाल्याला म्हणाली, "होगप्पा, निघ बाबा, सावकाश चल."

घोडा निघाला तशी पोर बारीक कण्हली, मग कशीबशी रडली. अहल्याचा हात तिला थोपटायला सवयीने पुढे आला.

"असू दे," ठकुबाई म्हणाली. "रडतेय तोवर बरं आहे."