बधिर तळव्यावरचा विळा

मित्रांनो, मी एक म्हातारा विळा आहे आणि माझ्या पात्याला माणसाचं रक्त लागलेलं आहे. ते केव्हाच पुसलं गेलं, पण मला विसरता येत नाही.

यावलच्या झुलाल लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलं आणि बाभळीची मूठ बसवली. मला विकत घेतलं रावेरच्या तोतारामने. केळीचे घड कापण्यात त्याचा हात धरणारा टोळीत कोणी नव्हता.

धाकटा भाऊ अभिमन खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून घडाखाली उभा राहायचा. तोताराम डाव्या हाताने घडाचा दांडा धरायचा आणि उजव्या हाताने मला चालवायचा. भार खांद्यावर उतरला की डाव्या तळव्याला दांडा सैल लागायचा. मग मी शेवटचा घाव घालायचो आणि भावाच्या मानेपासून वीतभर अंतरावर थांबायचो. केळीच्या चिकाने मूठ निसटू लागली, तर त्याला कळायच्या आत बोटंच घट्ट आवळायची. डोळ्यांना काम नसायचं. ते पानांत गांधीलमाश्या शोधत. याच्या घडाला डाग नसतो, असं व्यापारी म्हणायचे आणि मी फुशारायचो. आता लाज वाटते. सगळं शहाणपण त्याच्या कातडीचं होतं, मी नुसतं लोखंड.

दोन वर्षांपूर्वी त्याची बोटं बधिर होऊ लागली. त्याला साखरेचा आजार होता. पण आमच्याकडे चिकाने सगळ्यांचेच हात काळे, राठ होतात, म्हणून त्याने खापर चिकावर फोडलं. रोज रॉकेलने हात चोळायचा, चुलीवर शेकायचा. एकदा कातडी जळल्याचा वास बायकोला, बेबाबाईला, आला. त्याला पत्ताच नव्हता. दवाखान्यात चला, म्हणून ती पाया पडली. त्याने उलट तिलाच शपथ घातली, की टोळीत बोलायचं नाही.

"माहा हात असा हाये हे समजलं तर माह्या विळ्याखाली खांदा कोन देईन?" तो म्हणाला.

तेव्हापासून तो डोळ्यांनी पाहून कापू लागला. किती जोर लावला ते कळेना, म्हणून मला गळा दाबावा तसा आवळायचा. हाताला जे आधी कळतं ते डोळ्याला मागून दिसतं, मित्रांनो. रोज सकाळी मी मनात म्हणायचो, आज बोथट होऊ दे मला. पण त्याने मला रोज धार लावली.

मग तो घड आला, चांगला भारी. भार खांद्यावर उतरला, पण तळव्याला कळलं नाही. हात थांबायचा तिथे थांबला नाही. मी दांडा तोडून सरळ अभिमनच्या खांद्यात उतरलो.

तोतारामने रुमाल खांद्यावर दाबला. दाबत राहिला, रडत राहिला. रुमाल भिजून रक्त खाली ठिबकत होतं. शेवटी जखमी अभिमननेच त्याचं मनगट धरलं.

"भाऊ, एवढं रगत माह्यं नही. तुह्यं बोट पाह्य."

तोतारामच्या डाव्या हाताचं बोट हाडापर्यंत कापलं होतं. ते त्याने पाहिलं, तेव्हाच त्याला कळलं.

जखम भरली, पण अभिमनचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तोताराम औषध घेतो. बोटांची गेलेली जाणीव परत येईल, असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी छपराच्या वाशाला खोचलेला गंजत आहे. मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे, पण मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. बोटं मुकी झाली तर चिकाला दोष देऊ नका. लाजेपायी लपवू नका. तुमच्या घावाखाली कोणीतरी विश्वासाने उभं असतं.

काल तोतारामने मला खाली काढलं. खाटेवर हात टेकून मला तळव्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला. बेबाबाईने मला त्याच्या तळव्यावरून हळूच उचलून घेतलं.

"आज समजू राह्यलं माले," तो डोळे मिटूनच म्हणाला. "हाये ना तो हातात?"

बेबाबाईने मला पदराखाली धरलं आणि ती म्हणाली, "हाये."