दुसरा चौकोन

भूपेशने खुर्ची मुद्दाम हलवली नाही, त्यामुळे रिबेकाला उभ्यानेच कीबोर्ड ओढून घ्यावा लागला. तिने दोन कळा दाबल्या. पडद्यावर नऊ वर्षं जिथे नुसते चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा उमटायच्या, तिथे सरळ मराठी ओळी आल्या: कॅन तपासला, दूध ठीक, पुढचा घ्या.

खांडबाऱ्याजवळच्या या केंद्रात दूध तपासणारं मशीन आपला अहवाल संगणकाला पाठवी, पण तो मशीनच्या भाषेत. माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. कळायचं ते एकट्या भूपेशला. कोरीटचा हा गडी नुसतं बघून बघून शिकला होता. दोन चौकोन आणि टिंब म्हणजे ठीक, दोन चौकोन आणि प्रश्नचिन्ह म्हणजे दुधात पाणी. मशीन अडलं की चेअरमन हेमराजभाऊ त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून आणत. आणि आता नवापूरकडची ही पोर डिप्लोमा घेऊन आली काय, पंधरा दिवसांत त्याची विद्या मातीमोल केली काय!

रिबेका हेमराजभाऊंना समजावत होती. ज्या आकड्याला छापायला अक्षर नाही, त्या प्रत्येकासाठी संगणक तोच एक चौकोन दाखवतो. तिने चौकोनाऐवजी खरा आकडा छापला आणि मशीनच्या पुस्तकातला अर्थ शेजारी लिहिला, एवढंच. भूपेशने मोठ्याने जांभई दिली.

एकदा तरी हिचं चुकावं, तेही भाऊंच्या देखत. त्याला आपला सगळ्यात गाजलेला दिवस आठवला. गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने रमिलाबाईचं पाणी पकडलं होतं. भर रांगेत तिचा कॅन परत केला होता. बाई शपथा घेत राहिली आणि त्यानंतर केंद्राची पायरी चढली नाही. भाऊंनी मात्र त्याची पाठ थोपटली होती.

"ती रमिलाबाईनी ओळ काढ बरं," तो म्हणाला. "दखू तुन्हं मशीन काय सांगस."

रिबेकाने तारीख टाकली. भाऊंचा चष्मा खिशात होता, ते दारातच उभे राहिले. ओळ आली. पहिला आकडा नेहमीचाच होता. दुसरा पाण्याचा नव्हता; जुन्या पडद्यावर मात्र दोन्हींचा चौकोन सारखाच दिसे. शेजारी लिहिलं होतं: नळी अस्वच्छ, धुऊन पुन्हा तपासा.

त्या दिवशी नळी धुवायची पाळी भूपेशचीच होती.

रिबेकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ओळ बंद करायला हात पुढे केला.

"भाऊ, जुनं नीट उघडत नाहीये," ती म्हणाली. "नंतर बघते."

"मी म्हनतच व्हतू," हेमराजभाऊ हसले. "भूपेशनी बरोबरी कोन करी?"

पंधरा दिवस हेच ऐकायला त्याचा जीव तळमळत होता. पण आता अब्रू राहायची ती हिच्या उपकारावर, आणि उद्यापासून रोज हिच्या शेजारी बसायचं. ते काही त्याला सोसवेना. त्याने तिचा हात बाजूला सारला आणि पडदा दाराकडे फिरवला; ओळ अजून उघडीच होती.

"उघडेल शे, भाऊ," तो म्हणाला. "चष्मा लावा आनि वाचा."