डिटेक्टर निवडताना

वेगाने गाडी चालवल्याबद्दल मालविकाच्या लायसन्सवर दंडाचे नऊ पॉइंट झाले, त्या रविवारी तिने मला कार्डिफहून फोन केला.

"बाबा, अजून तीन आले की मला बॅन करतील. तुम्ही इंजिनिअर आहात ना, मला एक चांगला रडार डिटेक्टर शोधून द्या, पोलिसांचा स्पीड कॅमेरा आला की आधीच वाजणारा. गाडीत लावायला."

मालविका आमची एकुलती एक. कम्युनिटी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटच्या घरोघरी गाडीने जाणं हेच तिचं काम. आणि दर शनिवारी ती आईला भेटायला आमच्याकडे बर्मिंगहॅमला यायची. सुमनला, माझ्या बायकोला, विसरण्याचा आजार जडला होता. सकाळी दहापर्यंत ती बरीचशी आमची असायची, मालूला नावाने हाक मारायची. दहानंतर तिला काही उमगायचं नाही. म्हणून मालू सहालाच निघायची आणि गाडी दामटायची.

"दहा मिनिटं लवकर पोचले, तर आई दहा मिनिटं जास्त मिळते," ती म्हणायची.

तिने मला दोनदा विचारलं होतं, "बाबा, मी फ्रायडेलाच येऊन राहू का?" हॉलमध्ये कोणी झोपलेलं दिसलं की सुमन घाबरायची, आणि मालूच्या खोलीत मी रिटायर झाल्यावर वर्कशॉप थाटलं होतं. लेथ, ड्रिल, दोन बाकं. "आवरतो गं लवकरच," मी दोन्ही वेळा म्हणालो.

डिटेक्टर मात्र मी तीन आठवडे निवडला. खूप वर्षांनी मुलीने मला माझ्या विषयातलं काही मागितलं होतं. मी रिव्ह्यू वाचले, तक्ता केला, दोन दुकानदारांशी फोनवर वाद घातला. पोलिसांचं यंत्रच निकामी करणारा जॅमर बेकायदा, तो पहिल्याच दिवशी बाद केला. शेवटी एक मॉडेल ठरलं. रडार लांबून पकडणारं, रस्त्यावरच्या कायमच्या कॅमेऱ्यांची यादी आत असलेलं. लेझरच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'कमकुवत' लिहिलं. लेझरचा किरण गाडीवर पडल्यावर यंत्र वाजतं, आणि तोवर वेग मोजून झालेला असतो. मालूला एवढंच सांगितलं, "लेझरला जरा कमी पडेल, पण पोलिसांच्या लेझरवाल्या व्हॅन क्वचितच असतात."

पुढच्या शनिवारी ते मी तिच्या गाडीत बसवलं. वायर कडेच्या पट्टीत दडवली, कुठे दिसू दिली नाही. सुमन दारात उभी होती.

"अहो, हे कशाला?"

"मालू फार जोरात चालवते ना, म्हणून."

"मग तिला सांगा ना, हळू चालव."

मी हसलो. मालूही हसली.

दोन महिने यंत्र छान चाललं. मार्चमधल्या एका शनिवारी वाटेतल्या मनमथ गावाच्या अलीकडे पुलावर तशी व्हॅन उभी होती. यंत्र वाजलं तेव्हा सत्तरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी चौऱ्याऐंशी मैलांवर होती. कोर्टात मालूने पेशंटचं सांगितलं, आईचंही सांगितलं. सहा महिन्यांचा बॅन टळला नाही.

गाडीशिवाय घरोघरी जाणार कशी? तिला हॉस्पिटलच्या वॉर्डवर घेतलं, आणि तिथे तिचे बहुतेक शनिवार ड्युटीत गेले. महिन्यातून एखादा दिवस ती ट्रेनने यायची. बाकी फोन. "आईचा तब्येत कसा आहे, बाबा?" एरवी मी तिचं मराठी सुधारायचो. आता सुधारवत नसे.

बॅन लागला त्याच आठवड्यात मी खोली रिकामी केली. शेजारचा वीर आणि त्याचा भाऊ लेथ घेऊन गेले, बाकं गॅरेजमध्ये गेली, पलंग लावला. एका दुपारचं काम होतं.

जूनपासून सुमनच्या सकाळीही जाऊ लागल्या. आधी नावं गेली, मग नाती.

बॅन संपल्यावर मालू रजा टाकून शुक्रवारी संध्याकाळी गाडीने आली. यंत्र तिने काढून ठेवलं होतं. शनिवारी सात वाजता ती किचनमध्ये आली तेव्हा सुमन टेबलाशी बसली होती. सुमनने शेजारची खुर्ची ओढून दिली.

"बसा ना. लांबून आलात का?"

मालू क्षणभर उभीच राहिली. मग बसली. "हो, कार्डिफहून."

"चहा घ्याल ना?"

"घेईन."

सुमन उठली खरी, पण किटलीपाशी जाऊन नुसतीच उभी राहिली. मालूने तिचा हात धरून तिला परत खुर्चीवर बसवलं आणि चहा स्वतः केला. मी दाराशी होतो. मला राहवलं नाही.

"मालू, खोली तेव्हाच आवरायला हवी होती गं मी. आणि लेझरचंही मला नीट माहीत होतं. हळू चालव म्हणायला हवं होतं."

तिने मागे वळून पाहिलं नाही. तीन कपांत दूध घातलं.

"मीच सोफ्यावर झोपले असते, बाबा. एकदा तरी ट्राय करायला पाहिजे होतं."

मग ती आईसमोर कप ठेवून म्हणाली, "गरम आहे हं, सावकाश." सुमनने तिच्याकडे बघून, पाहुण्यांना म्हणावं तसं, "थँक यू" म्हटलं.